हातकागदाचे बळ लांब तंतूत

केळीचा घड उतरला की त्या खांबाचे काम संपते. वसई तालुक्यातील बोळिंज, आगाशी या पट्ट्यात वस्ती झपाट्याने वाढली आणि अनेक वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. ज्या वाड्या उरल्या, तेथे घड काढलेला खांब तोडून बांधावर टाकला जातो किंवा कुजवून खत म्हणून वापरला जातो. या टाकाऊ खांबाच्या सोपटात लांब व चिवट तंतू असतो. केळीच्याच कुळातील अबाका या फिलिपाइन्समधील झाडाचा तंतू जपानच्या चलनी नोटांच्या कागदात मित्सुमाता नावाच्या झुडपाच्या सालीबरोबर वापरला जातो, हे समजल्यावर बांधावरच्या खांबाकडे वेगळ्या दृष्टीने पाहावे लागते.

कागद म्हणजे पाण्यात सुटे केलेले वनस्पतींचे तंतू जाळीवर पसरून, निथळून, वाळवून केलेला थर होय. इसवी सन 105 मध्ये चाई लुन या चिनी दरबारी अधिकाऱ्याने ही कृती सम्राटापुढे मांडली, असे चिनी इतिहास सांगतो. त्याहून जुने कागदाचे तुकडेही उत्खननात मिळाले आहेत. चाई लुनने झाडांच्या साली, अंबाडीसारखे तंतू, चिंध्या आणि मासे धरण्याची जुनी जाळी वापरली. या यादीत लाकूड नाही, ही गोष्ट महत्त्वाची आहे. गिरणीच्या कागदातील लाकडाचा तंतू साधारणतः एक ते तीन मिलिमीटर लांब असतो, तर जपानी कोझो या तुतीवर्गीय झुडपाच्या सालीचा तंतू दहा मिलिमीटरच्या आसपास भरतो. लांब तंतू एकमेकांत गुंततात. त्यामुळे कागद पातळ असूनही सहजासहजी फाटत नाही. हे तंतू पाण्यात समान पसरावेत म्हणून जपानी कारागीर भेंडीच्या कुळातील एका झाडाच्या मुळांचा चिकट रस त्यात घालतात. या जपानी हातकागदाच्या कलेची युनेस्कोने 2014 मध्ये मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. नेपाळचा लोकता कागदही सालीचाच आहे. झुडूप मुळाशी न उपटता वरून कापले की काही वर्षांत ते पुन्हा फुटते.

महाराष्ट्राची परंपरा सालीची नव्हे, चिंध्यांची आहे. दौलताबाद आणि खुलदाबाद यांच्यामधील कागजीपुरा हे गाव आपल्या नावातच व्यवसाय सांगते. महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादला हलविली तेव्हा आलेल्या कारागिरांनी ते वसविले, अशी परंपरा आहे. जुन्नर आणि खानदेशातील एरंडोल येथील कागदही नावाजलेला होता. तागाची जुनी पोती, दोर व चिंध्या चुन्यात भिजवून, पायाने चालविण्याच्या ढेंकीत कुटून, धुऊन लगदा केला जाई. गवताच्या काड्यांच्या चटईवर तो उचलून, ओला ताव भिंतीला चिकटवून वाळवीत. मग त्यावर खळ चढवून गुळगुळीत दगडाने तो घोटला जाई. ही घोटाई निव्वळ शोभेसाठी नव्हती. बोरू न अडखळता धावावा आणि शाई पसरू नये, ही मोडी लिहिणाऱ्या कारकुनाची गरज होती. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल आजही उलगडता येतात, याचे बरेचसे श्रेय त्या न दिसणाऱ्या श्रमांना द्यावे लागेल.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गिरणीचा स्वस्त कागद आला, तुरुंगांतून कैद्यांकडून करवून घेतलेला कागदही आला आणि कागजी कुटुंबांचा धंदा बसला. मात्र त्या गिरणीच्या कागदात तुरटी आणि राळ वापरली जात असे. त्यातून निर्माण होणारे आम्ल तंतू कमजोर करते. शतकभरापूर्वीची वर्तमानपत्रे हात लावताच तुटतात आणि त्याहून जुने मोडी कागद मात्र टिकून राहतात, या विरोधाभासाचे उत्तर तेथे आहे. चुना आम्लाला आवर घालतो.

1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत हातकागदाचे काम हाती घेतले. महात्मा गांधींच्या प्रेरणेने के. बी. जोशी यांनी 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था सुरू केली. पुढे ती राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाकडे आली. आज भारतात हातकागद बहुतांशी होजिअरी कारखान्यांच्या सुती कात्रणांपासून होतो. झाड न तोडता होणारा हा कागद जलरंगाला, निमंत्रणपत्रिकांना, पिशव्यांना व बांधणीला उपयोगी पडतो.

कलेच्या क्षेत्रात त्याची जागा अधिक पक्की आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या चित्रकथीची जुनी चित्रे हातकागदावरच आहेत. पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकला शेणाने सारवलेल्या भिंतींवरून कागदावर उतरली ती 1970 च्या दशकात. जिव्या सोमा मशे यांचे नाव त्यात अग्रभागी येते. जीर्ण हस्तलिखितांच्या दुरुस्तीसाठी तर जगभर पातळ जपानी कागदच पसंत केला जातो, कारण तो जुन्या अक्षरांवर चिकटवला तरी मजकूर वाचता येतो.

केळीच्या तंतूला या बाजारात वाव आहे, पण तो आपोआप मिळणार नाही. खांबात बहुतांश पाणीच असते, त्यामुळे तो लांब वाहून नेणे परवडत नाही. तंतू काढण्याचे यंत्र वाडीजवळच हवे. तंतू सोड्यात शिजवावा लागतो. ते सांडपाणी ओढ्यात किंवा विहिरीच्या बाजूला सोडले, तर कागद झाला तरी वाडी जाईल. सुती लगद्यात केळीचा तंतू मिसळला की कागदाला चिवटपणा व भुरकट छटा येते. अशा कागदाला वह्या, दिवे व वारली चित्रांसाठी मागणी येऊ शकेल.

हातकागद म्हणून विकले जाणारे सर्वच ताव सारख्या गुणाचे नसतात. काहींत रद्दीचाच लगदा अधिक असतो आणि तो पुन्हा पुन्हा वापरल्याने तंतू तोकडे झालेले असतात. खरेदी करताना तावाचा कोपरा हळू फाडून पाहावा. लांब तंतूचा कागद फाटताना ओढ घेतो आणि फाटलेल्या कडेला बारीक लव दिसते. तोकड्या तंतूचा कागद चटकन तुटतो.