पाताळातून कळसाकडे : ‘सिल्कसाँग’ची वाट आणि नळदुर्गची भिंत

4 सप्टेंबर 2025 रोजी ‘हॉलो नाइट : सिल्कसाँग’ हा गेम विक्रीला आला आणि पहिल्या काही तासांतच स्टीमसकट मोठमोठी ऑनलाइन दुकाने गर्दीने कोलमडली. स्टीमवर एकाच वेळी पाच लाखांहून जास्त लोक तो खेळत होते. पण साडेसहा वर्षे डोळे लावून बसलेल्या खेळाडूंचे कौतुक आठवडाभरही एकमुखी राहिले नाही. हा भाग फार अवघड आहे, मेहनतीच्या मानाने देतो थोडे आणि मारतो जास्त, पहिल्या भागाची उदास माया यात उरलेली नाही, अशी तक्रार जगभरातून सुरू झाली. ही तक्रार खोटी नाही. मात्र ती करताना बहुतेक जण शत्रूचे फटके मोजतात, आणि अंधारात वाट शोधण्याच्या गेमला ती मोजपट्टी पुरत नाही. असा गेम जागेवरून जोखायला हवा. जिथे अडचण जागेतून उगवते तिथे ‘सिल्कसाँग’ पहिल्या भागाला मागे टाकतो. जिथे ती नुसत्या आकड्यांतून येते तिथे खेळाडूंचेच म्हणणे खरे आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात. ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेड शहरातली टीम चेरी ही मोजक्या माणसांची कंपनी. अ‍ॅरी गिब्सन आणि विल्यम पेलन हे तिचे कर्ते. 2014 मध्ये लोकवर्गणी काढून त्यांनी ‘हॉलो नाइट’ हा पहिला गेम हाती घेतला, तो 24 फेब्रुवारी 2017 रोजी आला. त्यातल्या हॉर्नेट या पात्राची एक छोटी पुरवणी द्यायची होती. ती फुगत गेली आणि 2019 मध्ये स्वतंत्र गेम म्हणून जाहीर झाली. दोन्ही भागांचे संगीत ख्रिस्तोफर लार्किन यांचे.

आता जागेकडे वळू, कारण सगळी गंमत तिथेच आहे. पहिल्या भागातले हॅलोनेस्ट हे किड्यांचे उजाड राज्य जमिनीखाली आहे. खेळाडू वरच्या गावातून विहिरीत उतरतो आणि खालीखाली जात राहतो. मध्ये एक नगरी लागते, तिथे अखंड पाऊस पडतो. जमिनीच्या पोटात पाऊस कुठला? त्याचे उत्तर कुणी सरळ सांगत नाही. पुढे कधीतरी त्या नगरीच्या डोक्यावरचे निळे तळे सापडते आणि छतातून पाझरणाऱ्या पाण्याचा उलगडा होतो. एक जागा दुसरीचे कारण असते, आणि ते कारण खेळाडूने आपल्या पायांनी शोधायचे असते.

धाराशिव जिल्ह्यातल्या वाचकाला हे समजायला अ‍ॅडलेडपर्यंत जायची गरज नाही. तुळजापूर तालुक्यातल्या नळदुर्ग किल्ल्यात बोरी नदीवर दगडी बांध आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणी महाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, 1613 साली तो बांधला गेला. बांधावरून चालणाऱ्याला पायाखाली महाल आहे याचा पत्ता लागत नाही. अंधाऱ्या पायऱ्या उतरून आत गेले की दालन लागते, आणि पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी या दोन सांडव्यांवरून कोसळणारे पाणी आतला माणूस कोरडा राहून समोर पाहतो. हा एकच बांध पाणी अडवतो, नळदुर्ग आणि रणमंडळ या दोन्ही गडांना जोडतो, आणि राजाला बसायला गारवाही देतो. एका बांधकामाकडून इतकी कामे करून घेणे हेच या प्रकारच्या गेमचे मर्म. चांगल्या मेट्रॉइडव्हेनियात, म्हणजे अशा वाट शोधण्याच्या गेममध्ये, एकही खोली नुसती वाटेत पडलेली नसते. आज जी भिंत वाटते ती उद्या दार ठरते.

‘सिल्कसाँग’ने याच तत्त्वाची दिशा उलटी केली. हॉर्नेटला कैद करून फारलूम या राज्यात आणले आहे आणि तिला तळापासून शिखरावरच्या नगरीपर्यंत चढायचे आहे. पहिल्या भागात चुकलेला माणूस आणखी खोल जायचा. इथे चुकला तर तो पडतो आणि कमावलेली उंची गमावतो. बाइलवॉटर ही दलदल घ्या. खेळाडूंनी सर्वाधिक शिव्या दिलेल्या जागांपैकी ही एक. तिथल्या पाण्यात पडले की अंगाला अळ्या चिकटतात आणि त्या धुऊन निघेपर्यंत जखम भरता येत नाही. विसाव्याचे बाकडे फुटक्या भिंतीमागे लपवलेले. हा नुसता छळ म्हणायचा का? दलदलीच्या वर कुजक्या नळांचे जाळे आहे आणि त्याच्याही वर ती पवित्र नगरी. वरच्यांची घाण कुठे जाते, हे इथे अंगाला चिकटून कळते. ही अडचण काढून टाकली तर फारलूमबद्दलचे एक सत्यच पुसले जाईल.

यावर पहिला आक्षेप असा, की अडकलेल्या माणसाला जागेचे सौंदर्य काय कामाचे? पण अडकणे हे बरेचदा सरळ पुढेच जायच्या हट्टातून येते. नगरीच्या दारावरच्या लास्ट जज या बॉसने, म्हणजे वाट अडवणाऱ्या बड्या शत्रूने, असंख्य लोकांना रडवले. त्याच्यापर्यंत परत जायची वाट लांबलचक, आणि हरल्यावर तो धसमुसळा स्फोट करून शेवटची परीक्षा घेतो. तरीही त्याला न भेटता सिनर्स रोड आणि धुक्यातून दुसऱ्या बाजूने नगरीत शिरता येते. तीच गोष्ट हॉर्नेटच्या तिरक्या खालच्या वाराची. पहिल्या भागाची सवय असलेल्यांना तो झेपेना, पण शोधले तर सरळ वाराचा क्रेस्ट (लढण्याची ढब बदलणारे चिन्ह) मिळतो. उत्तर नकाशात असते, बोटांच्या चपळाईत नाही.

दुसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे. हॉर्नेटला सुरुवातीला पाच जीव असतात आणि बऱ्याच शत्रूंचा एक फटका दोन जीव घेतो, म्हणजे तिसऱ्या फटक्याला खेळ संपला. चार तुकडे गोळा करून सहावा जीव मिळवला, तरी अशा शत्रूपुढे तिसऱ्याच फटक्याला मरण. शोधाशोधीचे बक्षीस इथे हातात येऊनही निरुपयोगी ठरते, आणि ही जागेची नव्हे, हिशेबाची चूक आहे. हॉर्नेट एका दमात तीन जीव भरून काढते हे खरे, पण त्यासाठी रेशमाचे नऊ धागे आधी जमवावे लागतात. कंपनीनेही पहिल्याच आठवड्यात अपडेट जाहीर करून मूरविंग आणि सिस्टर स्प्लिंटर हे सुरुवातीचे बॉस थोडे सौम्य केले, काही बाकड्यांचे मोल उतरवले, गेममधले चलन असलेल्या मण्यांची कमाई वाढवली. त्यांनी आकडे बदलले, नकाशाला हात लावला नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

मग फटका सौम्य करायची सोय का देऊ नये? अवघडपणा हाच गेमचा आत्मा आहे, असे त्याचे कट्टर पाठीराखे सांगतात. ते मला पटत नाही. 2024 च्या ‘प्रिन्स ऑफ पर्शिया : द लॉस्ट क्राउन’मध्ये शत्रूचा मार कमी-जास्त करता येतो, आणि अडलेल्या जागेचे चित्र नकाशावर टाचून ठेवता येते. त्याने त्या गेमचा शोध बिघडला नाही. आत्मा वाटेत असेल तर मार कमी केल्याने तो जाणार कुठे?

‘सिल्कसाँग’ पहिल्या भागापेक्षा मोठा आहे, रचनेने अधिक धाडसी आहे आणि हिशेबात कमी समतोल आहे. तरी तोलून पाहता मी त्यालाच वरचे स्थान देईन. नव्याने सुरुवात करणाऱ्याने आधी 2017 चा गेम खेळावा. दुसऱ्या भागात एखादा बॉस काही केल्या हरत नसेल, तर त्याच्यावर रात्र घालवू नये. नकाशा उघडून अजून न गेलेली वाट धरावी.