फुललेला ताग का गाडतात?

भूगोलाच्या पुस्तकात भेटतो तो बंगालचा ताग, गोणपाट त्याचेच. पण आपल्याकडे शेतकरी ज्याला ताग म्हणतात ते झुडूप निराळे. ते मूळचे भारतातलेच. वाल, चवळी, कुळीथ यांच्या शिंबावंत कुलातले. त्याचे शास्त्रीय नाव क्रोटॅलॅरिया जुन्सिया. वाळलेल्या शेंगेत बी खुळखुळते, म्हणून ग्रीक भाषेतील खुळखुळ्याच्या शब्दावरून हे नाव पडले. नायलॉन येण्यापूर्वी मासेमारीची जाळी याच्या धाग्यापासून विणीत. आज त्याची लागवड होते ती मुख्यतः हिरवळीच्या खतासाठी.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जांभ्या जमिनीतील विरघळणारे नत्र त्याबरोबर वाहून जाते. हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे खरा, पण वनस्पतींना तो थेट घेता येत नाही. तागाच्या मुळांवरील गाठींत राहणारे जीवाणू तो पकडून झाडाला देतात आणि मोबदल्यात साखर घेतात.

हेक्टरी ५० ते ६० किलो बी पेरले, की ४५ ते ५० दिवसांत पिवळी फुले येऊ लागतात. नेमके तेव्हाच पीक जमिनीत गाडायचे! आणखी वाढू दिले तर खत जास्त मिळणार नाही का? नाही. फुलोऱ्यापर्यंत नत्र कोवळ्या पानांत-खोडांत असते आणि ती लवकर कुजतात. पुढे ते बियांत जाते, खोड चिवट होते. असे खोड कुजवणारे सूक्ष्मजीव उलट जमिनीतलेच नत्र वापरतात आणि नवे पीक पिवळे पडते. वेळ साधली तर हेक्टरी सुमारे ६० किलो नत्र मिळते. म्हणजे जवळजवळ १३० किलो युरियातले!

कोकणात अडचण एकच. पाऊस जूनमध्ये येतो, भाताची लावणी जुलैत. मध्ये ४५ दिवस मिळत नाहीत. म्हणून मे महिन्यात पाणी असेल तरच भातखाचरात ताग घेता येतो. नारळाच्या आळ्यात किंवा आंब्याच्या बागेत मात्र पावसाबरोबर पेरून तो गाडता येतो.

आता प्रयोग करा. शाळेच्या आवारात एका वाफ्यात जूनच्या मध्यास, तर दुसऱ्यात ऑगस्टच्या मध्यास ताग पेरा. एक रोप उपटू नका, मातीसकट खणून काढा आणि मुळे धुवा. गाठ कापा, आत गुलाबी रंग दिसला तर जीवाणू कामावर आहेत. हा रंग आपल्या रक्तातील हीमोग्लोबिनच्या नातलगाचा. ऑक्टोबरच्या आरंभी पहिल्या वाफ्यातील शेंगा बियाण्यासाठी काढून घ्या. बी विषारी असते. तोंडात घालू नका, गुरांपासून दूर ठेवा. मग दोन्ही वाफ्यांतला ताग एकाच दिवशी कापून गाडा. माती ओली ठेवा. पंधरा दिवसांनी दोन्हींत माठ पेरा. कोणत्या वाफ्यातला माठ अधिक हिरवा? कारण आता तुम्हीच सांगा.