लॅपटॉप घेऊन लक्षद्वीपला

नकाशावर मुंबईपासून सरळ दक्षिणेला खाली आलं, की नऊशेहून अधिक किलोमीटरांवर अरबी समुद्रात कवरत्ती सापडतं. रेखांश जवळपास तोच. लक्षद्वीपची ही राजधानी. एकूण ३६ बेटं, त्यांतली १० वस्तीची, आणि सगळ्यांची जमीन एकत्र केली तरी जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. तिथे जाणाऱ्या प्रवासी बोटी मात्र मुख्यतः कोचीहून सुटतात. त्यामुळे आपल्याकडच्या माणसाची सहल बहुधा कोकण रेल्वेने सुरू होते. कल्याण-पनवेलवरून कोचीतल्या एर्नाकुलमला जाणाऱ्या एका गाडीच्या नावातच लक्षद्वीप आहे, मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस.

लक्षद्वीप प्रशासनाच्या ‘स्पोर्ट्स’ या पर्यटन संस्थेची ‘समुद्रम’ ही पाच दिवसांची सहल बरीच वर्षं चालत आली आहे. ‘एमव्ही कवरत्ती’ ही सातशे प्रवाशांची बोट रात्री प्रवास करते आणि दिवसा एकेका बेटाबाहेर थांबते: कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय. मुंबईहून खासगी क्रूझ बोटीही काही हंगामांत तिकडे गेल्या आहेत. घरून काम करण्याची मुभा मिळालेल्या अनेकांच्या मनात हल्ली एकच विचार असतो, की रजा न टाकता लॅपटॉप घेऊनच जावं. जरूर जावं. मात्र समुद्रावर कुठलं काम होतं आणि कुठलं होत नाही, याची वाटणी घरी बसूनच करायला हवी. बाकीची सगळी तयारी त्यानंतरची.

इथे सर्वांत मोठा गैरसमज इंटरनेटचा असतो. ३ जानेवारी २०२४ रोजी कोची ते लक्षद्वीप या समुद्राखालच्या ऑप्टिकल फायबर केबलचं उद्घाटन झालं. त्याआधी बेटांचा सगळा भार उपग्रहावर होता. केबल आली, बेटांवरचं इंटरनेट सुधारलं, बातम्या झाल्या, आणि पुष्कळांनी गृहीत धरलं की आता बोटीवरूनही मीटिंग करता येईल. पण केबल बेटाला जोडलेली आहे, बोटीला नव्हे. किनारा मागे पडला की काही वेळातच मोबाइलच्या रेघा जातात आणि पुढचं बेट जवळ येईपर्यंत परत येत नाहीत.

मोठ्या क्रूझ बोटींवर वाय-फाय विकत मिळतं, ते उपग्रहामार्फत. तो उपग्रह भूस्थिर असेल, तर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. तुमचा आवाज वर जाऊन खाली यायला पाव सेकंद, समोरच्याचं उत्तर यायला आणखी पाव सेकंद. ईमेलला त्याने काही फरक पडत नाही, पण बोलताना दोघं एकमेकांच्या वाक्यात घुसत राहतात. साधारण साडेपाचशे किलोमीटरवरून फिरणारे नवे उपग्रह वापरणाऱ्या बोटींवर हा त्रास जाणवण्याइतका राहत नाही. म्हणून बुकिंग करताना ‘वाय-फाय आहे का’ एवढंच न विचारता ते कुठल्या प्रकारचं आहे आणि व्हिडिओ कॉल चालतो का, हे विचारावं. परदेशी क्रूझवर तर फोन ताबडतोब एअरप्लेन मोडवर टाकावा. बोटीच्या स्वतःच्या मोबाइल नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला, तर रोमिंगचं बिल छाती दडपवणारं येतं.

समुद्रमसारख्या सहलीसाठी मी तर म्हणेन, बोटीवर इंटरनेट शून्य आहे असंच समजून चाला. मग काय न्यायचं हे आपोआप ठरतं. मजकूर तपासणं, अनुवाद, अहवालाचा कच्चा खर्डा, जुन्या आकडेवारीची छाननी, राहून गेलेलं वाचन ही कामं न्यावीत. ज्या कामात समोरून होकार आल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, ते कोचीला बोटीवर चढण्याआधी संपवावं किंवा कुणाकडे तरी सोपवावं. जीएसटीची दरमहा विवरणपत्रं भरणाऱ्यांनी ११ आणि २० तारीख टाळूनच बोट निवडावी, कारण भर समुद्रात ओटीपी येणार नाही. ऑफिसच्या खात्यात शिरतानाच्या पडताळणीचा दुसरा टप्पा एसएमएसवर असेल, तर निघण्याआधी तो फोनमध्येच कोड तयार करणाऱ्या अ‍ॅपवर घ्यावा. त्याला नेटवर्क लागत नाही. क्लाउडवरच्या फाइली ऑफलाइन उपलब्ध करून ठेवाव्यात आणि घरीच वाय-फाय बंद करून त्या उघडतात का, हे एकदा पाहावं. ही चाचणी बहुतेकजण करत नाहीत. मग केबिनमध्ये फाइलचं नाव दिसतं आणि फाइल उघडत नाही.

वेळापत्रकाचाही हिशोब हवा. सकाळी नाश्ता झाला की बेटावर जायचं, आणि परतायला संध्याकाळ होते. कामासाठी पहाटेचे दोन तास आणि रात्रीच्या जेवणाआधीचे दोन तास उरतात. दिवसाकाठी चार तासांहून अधिक कामाचं आश्वासन कुणालाही देऊ नये. बोट बेटाबाहेर उभी असते, तेव्हा बेटावरचं मोबाइल नेटवर्क कधी डेकवर मिळतं, कधी नाही. खात्रीने काही पाठवायचं असेल, तर ते दुपारी बेटावर असतानाच पाठवावं.

आता बोट लागण्याबद्दल, कारण लॅपटॉपवाल्यांना तिचा त्रास हमखास जास्त होतो. कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव मेंदूला सांगत असतो की आपण हलतोय. डोळे पडद्यावर खिळलेले असले की ते सांगतात, सगळं स्थिर आहे. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. डेकवर येऊन क्षितिजाकडे पाहिलं की डोळे आणि कान यांचं पुन्हा जमतं आणि पोट शांत होतं. केबिन बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी, तिथे हेलकावे सर्वांत कमी बसतात. पहिल्या रात्री पडद्यावरचं काम ठेवूच नये. ज्यांना बोलून मजकूर सांगण्याची सवय आहे, त्यांनी फोनचा रेकॉर्डर घेऊन डेकवर बसावं. हात मोकळे, नजर क्षितिजावर, आणि कामही पुढे सरकतं. बोट लागू नये म्हणून घेण्याच्या बऱ्याच गोळ्यांनी गुंगी येते, तेव्हा गोळी आणि तिची वेळ डॉक्टरांना विचारून ठरवावी. मळमळ सुरू झाल्यावर घेतलेल्या गोळीचा फारसा उपयोग होत नाही.

बेटावर उतरणं हा वेगळाच अनुभव आहे. प्रवाळाच्या कड्यामुळे मोठी बोट आत जाऊ शकत नाही, ती बाहेरच थांबते. लहान होड्या तिच्या कुशीला येऊन लागतात. बोटीच्या बाजूचं दार उघडतं. समोर होडी लाटेबरोबर हातभर वर येते, पुन्हा हातभर खाली जाते. अलीकडे एक खलाशी तुमचा दंड धरतो, पलीकडे दुसरा हात पुढे करून उभा असतो. होडी वर आली की तो ‘आता’ म्हणतो आणि तुम्ही पाऊल टाकता. त्या क्षणी दोन्ही हात रिकामे हवेत. पाठीला छोटी पिशवी, फोन जलरोधक पाकिटात, पायात पट्ट्याच्या चपला. लॅपटॉप केबिनमध्ये कुलपात. संध्याकाळी ओले हात आणि वाळू घेऊन त्याला हात लावू नये, आणि थंड केबिनमधून कॅमेरा एकदम दमट हवेत काढला की भिंगावर बाष्प धरतं, हेही लक्षात ठेवावं.

कवरत्तीला गोड्या पाण्याचा प्रकल्प आहे. त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं, कारण आपण तिथे नळ सोडतो तेव्हा काय खर्च होतं ते त्यातून कळतं. बेटावर नदी नाही. पावसाचं पाणी प्रवाळाच्या वाळूत मुरतं आणि खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा पातळ थर धरून राहतो. उपसा वाढला की तो थर खारावतो. २००५ मध्ये चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेने इथे दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा प्रकल्प उभारला. पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाच्या टाकीत सोडलं की त्याची वाफ होते. समुद्रात सुमारे साडेतीनशे मीटर खोलवरून उपसलेल्या थंड पाण्याने ती वाफ गार केली की पिण्याचं पाणी मिळतं. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही असे प्रकल्प झाले. या पाण्यामागे वीज आहे, आणि बेटांवरची बरीचशी वीज मुख्य भूमीवरून बोटीने आलेल्या डिझेलवर तयार होत आली आहे. म्हणून पाण्याची आपली बाटली बोटीवरच भरून न्यावी, आणि प्लास्टिकचा कचरा बेटावर ठेवू नये.

प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलणं हा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, पुळणीवर पडलेला तुकडासुद्धा त्यात आला. १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये समुद्र तापल्यामुळे इथलं प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरं पडून मेलं. स्नॉर्केलिंग करताना त्यावर उभं राहू नये, आणि उन्हापासून बचावासाठी क्रीमपेक्षा पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा शर्ट उत्तम.

बेटांवरची वस्ती जवळजवळ पूर्णपणे मुस्लिम आहे. गावातून फिरताना कपडे अंगभर असावेत, फोटो विचारून काढावेत. दारूबंदी आहे, अपवाद फक्त बंगारम बेटाचा. मिनिकॉय बाकीच्यांपासून नाइन डिग्री चॅनलने तुटलेलं आहे. इतरत्र मल्याळमचं एक रूप बोलतात, इथे मालदीवच्या भाषेची बहीण असलेली महल. १८८५ पासूनचं तिथलं दीपगृह वेळ असेल तर चढून पाहावंच.

प्रवेश परवाना १९६७ च्या नियमांनुसार लागतो. सहलीबरोबर गेलात तर आयोजक तो मिळवून देतात, पण कागदपत्रं वेळेत द्यायची जबाबदारी आपली असते. पुरेशी रोख रक्कम जवळ असावी. हंगाम ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा. तरीही दिवाळीनंतरचे आठवडे पूर्णपणे निर्धोक नसतात. २०१७ च्या डिसेंबरात ओखी आणि २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस महा चक्रीवादळ या बेटांवरूनच गेलं. हवा बिघडली तर बोट उशिरा सुटते, एखादं बेट गाळते किंवा सहलच रद्द होते. म्हणून परतीचं रेल्वे आरक्षण बोट कोचीला लागण्याच्या दिवशीचं करू नये. दोन दिवस मोकळे ठेवावेत, आणि महत्त्वाची मीटिंग त्यानंतरच्या दिवशीची घ्यावी. बोट वेळेवर आलीच, तर ते दोन दिवस फोर्ट कोचीत राहून पाच दिवसांचं साठलेलं काम पाठवायला पुरतात.