हाडांची झीज : ताटातले कॅल्शियम आणि डॉक्टरांची गोळी

हाड सजीव असते. त्यात आयुष्यभर मोडतोड आणि बांधणी चालू राहते : एका प्रकारच्या पेशी जुने हाड विरघळवतात, दुसऱ्या प्रकारच्या पेशी तिथे नवे घडवतात. साधारण तिशीपर्यंत बांधणी वरचढ असते, मग पारडे हळूहळू उलटते. पाळी गेल्यावर स्त्रियांच्या शरीरातले इस्ट्रोजेन झपाट्याने कमी होते, हाड विरघळवणाऱ्या पेशींना मोकळे रान मिळते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत काही जणींचे एक पंचमांशापर्यंत हाड नाहीसे होते. पुरुषांमध्ये ही घट सावकाश होते, पण सत्तरीच्या पुढे तेही तिच्यातून सुटत नाहीत.

ही झीज दुखत नाही. गुडघे दुखणे हा बहुधा सांध्यातल्या कूर्चेचा, म्हणजे वेगळाच आजार असतो. ठिसूळ झालेले हाड मोडेपर्यंत माणसाला काही जाणवत नाही. मोडते ते मुख्यतः मनगट, मणका किंवा खुबा. मणका तर कित्येकदा न पडताही दबतो. निम्म्याहून अधिक वेळा ते कोणाच्या लक्षात येत नाही; उंची कमी होते, पाठीला बाक येतो आणि वयच झाले म्हणून घरचे ते सोडून देतात. खुब्याचे हाड मोडणे सर्वांत घातक. पाश्चात्त्य देशांतल्या नोंदींनुसार अशा रुग्णांपैकी सुमारे एक पंचमांश वर्षभरात दगावतात, आणि वाचलेल्यांपैकी अनेकांना पूर्वीसारखे आधाराशिवाय चालता येत नाही. त्यामुळे कोणत्याही उपायाला एकच प्रश्न विचारायला हवा : त्याने हाडे मोडण्याचे प्रमाण कमी होते का?

हाडांची घनता डेक्सा या क्ष-किरण तपासणीने मोजतात. निकाल टी-स्कोअर या आकड्यात मिळतो. निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपेक्षा घनता किती खाली आहे, हे तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये आखलेल्या निकषांनुसार उणे १ ते उणे २.५ या टप्प्यात घनता घटलेली मानतात, उणे २.५ किंवा त्याहून खाली गेल्यास ऑस्टिओपोरोसिस. मात्र एवढ्याने धोका कळत नाही. वय, आधी किरकोळ पडण्याने मोडलेले हाड, आईवडिलांपैकी कोणाचा मोडलेला खुबा, दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड, तंबाखू आणि दारू यांचेही वजन असते. ब्रिटनमधील शेफील्ड विद्यापीठात तयार झालेले फ्रॅक्स हे गणित २००८ पासून उपलब्ध आहे. या सगळ्या गोष्टी जमेस धरून ते पुढच्या दहा वर्षांत हाड मोडण्याची शक्यता काढते. शिबिरांत टाचेवर यंत्र लावून होणारी मोफत तपासणी ही डेक्सा नव्हे. तिच्यावरून निदान करू नये आणि औषधही सुरू करू नये.

आहारातून काय साधते? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना रोज १००० मिलिग्रॅम कॅल्शियम हवे, पाळी गेलेल्या स्त्रियांना १२००. पेलाभर दुधातून सुमारे २४० मिलिग्रॅम मिळते. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास कॅल्शियम असते. एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागते असे धरले तर दोनशेच्या घरात. नाचणीतले फायटेट त्यातले काही शोषू देत नाही, पण मोड आणून केलेल्या सत्त्वात हा अडथळा कमी होतो. चमचाभर तिळांची चटणी, राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी यांचाही चांगला हातभार लागतो. पालकातले कॅल्शियम मात्र ऑक्झॅलेटमध्ये अडकलेले असल्याने बहुतांश वाया जाते. हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असल्यामुळे डाळी, अंडी, मासे, दही यांच्यात काटकसर करून चालत नाही. उपवासांत आणि उतारवयातल्या ‘हलक्या’ जेवणात नेमकी तीच होते.

गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज खाण्याचा सल्ला सर्वत्र फिरतो. चुन्यात वजनाच्या निम्म्याहून थोडे अधिक कॅल्शियम असते आणि गव्हाचा दाणा चाळीस-पन्नास मिलिग्रॅमचा. म्हणजे हाती लागते फार तर पंचवीस-तीस मिलिग्रॅम. तेवढे दोन-तीन चमचे दुधातही असते. वाढवून खाल्ला तर चुना तोंड आणि अन्ननलिका भाजतो. प्रवाळ, शंख आणि मोत्याच्या शिंपल्याची भस्मे रासायनिकदृष्ट्या मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतात. औषधाच्या दुकानातल्या साध्या कॅल्शियमच्या गोळीतही बहुधा तेच असते.

ड जीवनसत्त्वाशिवाय आतड्यातून कॅल्शियम नीट शोषले जात नाही. उन्हाच्या देशात राहूनही भारतात त्याची कमतरता सर्रास आढळते. ती असेल तर भरून काढलीच पाहिजे. पण कमतरता नसलेल्यांना जास्तीचे देऊन लाभ होत नाही. अमेरिकेतल्या व्हायटल चाचणीत पंचवीस हजारांहून अधिक माणसांपैकी निम्म्यांना रोज २००० युनिट देऊन सुमारे पाच वर्षे पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार हाडे मोडण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलियात वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदाच पाच लाख युनिट दिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे उलट वाढले. भरमसाट डोस स्वतःच्या मनाने घेणे म्हणूनच धोक्याचे आहे.

व्यायामाचा परिणाम त्याच्या प्रकारावर ठरतो. चालणे हृदयाला आणि मनाला चांगले, पण एकट्या चालण्याने हाडाची घनता फारशी वाढत नाही. हाडाला भार लागतो. ऑस्ट्रेलियातील ग्रिफिथ विद्यापीठाच्या लिफ्टमोर प्रयोगात पाळी गेलेल्या, घनता घटलेल्या १०१ स्त्रिया होत्या. एका गटाने आठ महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा तास प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली जड वजने उचलली. त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढली. घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १ टक्क्याहून थोडी जास्त घटली. साठीच्या बाईने वजन उचलायचे नसते, ही समजूत यामुळे मोडीत निघाली, आणि ते बरे झाले. तरीही एवढ्या लहान प्रयोगातून खुबे मोडायचे किती वाचले हे सांगता येत नाही. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामांनी पडणे सुमारे एक चतुर्थांशाने घटते. हा फायदा मात्र अनेक चाचण्यांत पक्का झाला आहे. मणका आधीच कमकुवत असेल तर पश्चिमोत्तानासनासारखी खोल पुढे वाकण्याची आसने टाळावीत, कारण त्याच वाकण्यात मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो.

कांडवेल, लाख, गुग्गुळ यांचा हाड सांधण्यासाठी वापर जुना आहे. कांडवेलीवर प्राण्यांत आणि थोड्या माणसांत अभ्यास झाले आहेत. पण वर्षानुवर्षे पाहून, हजारो माणसांत मोडणारी हाडे मोजून तिचा उपयोग सिद्ध झालेला नाही.

औषधांत सर्वांत जास्त वापर बिस्फॉस्फोनेट गटाचा. हर्बर्ट फ्लाइश यांच्या स्वित्झर्लंडमधल्या संशोधनातून १९६० च्या दशकात हा गट पुढे आला. ही रसायने हाडाला चिकटून बसतात आणि ते विरघळवणाऱ्या पेशींना आवरतात. अॅलेन्ड्रोनेट या गोळीच्या १९९६ मधल्या चाचणीत आधीच मणका मोडलेल्या २०२७ स्त्रिया होत्या. तीन वर्षांत खुबा मोडण्याचे प्रमाण २.२ वरून १.१ टक्क्यावर आले. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक अॅसिडची २००७ ची चाचणी आणखी मोठी होती. त्यात तीन वर्षांत मणका दबण्याचे प्रमाण १०.९ वरून ३.३ टक्क्यांवर उतरले, खुब्याचे २.५ वरून १.४ वर. या चाचणीत खोटे औषध मिळालेल्या गटालाही कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिलेले होते. म्हणजे पोषणाला औषधाची जोड दिली तर काय होते, याची तुलना इथे आपोआप झाली. हाडे ठिसूळ झालेल्यांच्या बाबतीत नुसत्या कॅल्शियमवर विसंबणे याच कारणाने अपुरे ठरते.

औषधांची भीती अगदीच निराधार नाही. फार क्वचित जबड्याचे हाड उघडे पडते, मुख्यतः दात काढल्यानंतर. म्हणून दातांची कामे आधी उरकून घ्यावीत. दुसरा धोका मांडीचे हाड मधोमध, जवळपास काही न लागता मोडण्याचा. अमेरिकेतल्या जवळजवळ दोन लाख स्त्रियांच्या नोंदींवरून २०२० मध्ये काढलेल्या अंदाजानुसार दहा हजार गोऱ्या स्त्रियांनी तीन वर्षे बिस्फॉस्फोनेट घेतल्यास खुबा मोडण्याच्या १४९ घटना टळतात आणि मांडीचे हाड असे मोडण्याच्या २ घडतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये हे आकडे ९१ आणि ८ असे निघाले. फायदा इथेही स्पष्टपणे मोठा आहे, पण अंतर कमी आहे. भारतीय रुग्णाला गरज नसताना औषध देऊ नये याचे हे ठोस कारण. मांडीत किंवा जांघेत नवी, न थांबणारी कळ आली तर डॉक्टरांना लगेच सांगावे.

हा हिशेब माणसागणिक बदलतो. पंचावन्न वर्षांची, टी-स्कोअर उणे १.६ असलेली आणि कधीच हाड न मोडलेली स्त्री आहार, वजनाचे व्यायाम, मिश्री-तंबाखू सोडणे आणि काही वर्षांनी पुन्हा तपासणी यांवर बहुधा निर्धास्त राहू शकते. बाहत्तर वर्षांच्या, मणका दबलेल्या स्त्रीला हे सगळे हवेच, शिवाय औषधही हवे. तिला ‘आधी वर्षभर नाचणी खाऊन बघू’ असा सल्ला देणे तिच्यावर अन्याय आहे, कारण एक मणका दबल्यावर पुढचा मोडण्याची जोखीम सर्वांत जास्त त्या पहिल्या वर्ष-दोन वर्षांतच असते. झिजेमागे थायरॉइड, मूत्रपिंड किंवा पुरुषांत टेस्टोस्टेरॉन यांचा बिघाड लपलेला नाही ना, हे औषधाआधी पाहावे लागते.

बिस्फॉस्फोनेटची गोळी सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि निदान अर्धा तास आडवे होऊ नये; चहासोबत घेतल्यास ती नीट शोषली जात नाही. मध्यम धोक्याच्या रुग्णांत साधारण पाच वर्षांनी बिस्फॉस्फोनेट थांबवता येते, कारण हाडात साठलेले औषध पुढे काही काळ काम करत राहते. दर सहा महिन्यांनी त्वचेखाली टोचायच्या डेनोसुमॅबचे मात्र तसे नाही. ते बंद झाले की झीज उसळून येते आणि काही जणांचे एकापाठोपाठ अनेक मणके दबतात. त्यामुळे त्याचा पुढचा डोस चुकवायचा नसतो, आणि थांबवायचेच असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्यामागून बिस्फॉस्फोनेट सुरू करावे लागते.