नाकाची रुंदी, अंगठ्याचा ठसा आणि बाईचे वजन

बोटांचे ठसे, चेहऱ्याची लांबी-रुंदी, उंची आणि वजन मोजायचे व त्यावरून स्त्री-पुरुषांतला फरक पाहायचा, असे अभ्यास जगभर होतात. नायजेरियातील हौसा समाजातही ते झाले आहेत. अशा अभ्यासांचा सर्वसाधारण निष्कर्ष असा की पुरुषाच्या बोटावरील रेषा जाड व विरळ, तर स्त्रीच्या बारीक व दाट असतात. हा फरक सरासरीचा आहे. गुन्ह्याच्या तपासात त्याचा उपयोग होतो, म्हणून अशा शास्त्राला आमचा विरोध नाही. आमचा प्रश्न एवढाच आहे की मोजपट्टी कोणाच्या हातात आहे आणि मोजल्या गेलेल्या माणसाच्या पदरात काय पडते?

आपल्या देशात या मोजपट्टीचा इतिहास चांगला नाही. हर्बर्ट रिस्ले या इंग्रज अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांची नाके मोजली. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा सिद्धांत त्याने मांडला. उच्चवर्णीयांना तो आवडला, कारण विषमतेला आता धर्माबरोबर शास्त्राचाही आधार मिळाला!

या सिद्धांताला उत्तर दिले ते बाबासाहेबांनी. १९४८ साली प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांवरील आपल्या ग्रंथात त्यांनी नाकाच्या मोजमापांचेच आकडे पुढे ठेवले. मानवमिती हे भरवशाचे शास्त्र असेल, तर त्याच शास्त्रानुसार ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे ठरतात, हे त्यांनी दाखवले. म्हणजे अस्पृश्यता वंशातून आली नाही. ती माणसांनी लादली, म्हणून माणसांनाच ती मोडता येते.

याचा दाखला खानदेशच्या मातीतच आहे. १९२९ साली अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून बाबासाहेब इकडे आले होते. चाळीसगावात एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार झाला नाही. अखेर टांगा मिळाला, पण हाकणारा मिळाला नाही. अननुभवी हाताने हाकलेल्या टांग्यातून बाबासाहेब पुलावर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. त्या टांगेवाल्यांनी काय त्यांचे नाक मोजले होते? जात चेहऱ्यावर नसते, ती बघणाऱ्याच्या डोक्यात असते.

ठशांची गोष्टही अशीच आहे. आईच्या पोटात, सहाव्या महिन्यापर्यंत बोटांवरील रेषा तयार होतात. त्यांत जात नसते. पण १८७१ च्या आणि नंतर १९११ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने पारध्यांसारख्या अनेक जमाती जन्मानेच गुन्हेगार ठरवल्या आणि १९११ च्या कायद्याने नोंद झालेल्यांचे ठसे घेण्याचा अधिकार सरकारला दिला. १९५२ साली हा कायदा गेला, पण संशय गेला नाही. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुले पळवणारे समजून ठेचून मारण्यात आले. त्यांची ओळख पटवायला कोणाला वेळ नव्हता! २०२२ च्या नव्या कायद्याने पोलिसांना ठसे, डोळ्यांची बुबुळे आणि शरीराची मापे घेऊन त्यांची नोंद ७५ वर्षे ठेवण्याची मुभा दिली आहे. ही नोंद कोणाच्या वस्तीपासून सुरू होईल, हे भटक्या-विमुक्तांना सांगावे लागत नाही.

आता बाईकडे येऊ. २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातले पहिले आधार कार्ड दिले गेले ते नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, एका बाईला. हा जिल्हा १९९८ पर्यंत धुळ्याचाच भाग होता. पण कापूस वेचून, ऊस तोडून, विटा उचलून बोटांवरच्या रेषा झिजतात. रेशन दुकानातले यंत्र मग त्या बाईला ओळखत नाही. ज्या हातांनी देश पोसला, ते हात यंत्राला खोटे वाटतात. ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आधार निकालातही आहे. ती प्रत्येक रेशन दुकानाच्या दारावर लिहिली पाहिजे.

आणि वजन? किलोतले वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून १८.५ पेक्षा कमी आले, तर शरीर कृश समजतात. १४५ सेंटीमीटर उंचीच्या बाईचे वजन ३९ किलोंच्या आत असेल तर ती कृश ठरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १८.७ टक्के स्त्रिया कृश आढळल्या, तर पुरुष १६.२ टक्के. हा फरक बोटांवरच्या रेषांसारखा निसर्गाने दिलेला नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणारी आणि सर्वांत आधी उठणारी बाई तो आपल्या अंगावर वागवते. गरोदर व स्तनदा आदिवासी मातांसाठी २०१५ पासून अमृत आहार योजना आहे, हे चांगलेच झाले. पण गरोदर नसलेली मजूर बाई कोणाच्या वजनकाट्यावर चढते?

म्हणून आमचे म्हणणे स्पष्ट आहे. मोजायचेच असेल तर जळगाव-धुळ्याच्या वस्त्या-पाड्यांवरील कष्टकरी बाईचे वजन मोजा, तिच्या ताटातले अन्न मोजा, तिची मजुरी मोजा. कार्यकर्त्यांनी आपापल्या वस्तीत यंत्राने परत पाठवलेल्या बायांची यादी करून ती तहसीलदारांपुढे ठेवावी. आजवर व्यवस्थेने आम्हाला मोजले. आता व्यवस्थेला मोजण्याची पाळी आमची आहे.