आग कोठे, बंब कोठे?

‘आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी’ ही म्हण आपण दुसऱ्याची फजिती सांगताना वापरतो. गावाच्या कारभारात मात्र ती पुष्कळदा आपल्यालाच लागू पडते. विहिरीचे पाणी गढूळ झालेले असते, लेकरांना हगवण लागलेली असते, आणि ग्रामसभेचे दोन तास जातात ते कोणाच्या ओट्याने रस्ता किती दाबला यावर! ओट्याची तक्रार खोटी असते असे नाही. पण आधी काय आणि मागून काय, हे ठरवायला नको का? हा विचार आज आपण करू.

गावाच्या रक्षणाची कामे करणारी माणसे बहुतेक वेळा एकट्या गावाची नसतात. ती अनेक गावांत मिळून असतात. नागपूर जिल्ह्याला ही रीत जुनीच आहे. १९४८च्या कायद्याने इथे तहसीलवार जनपद सभा आल्या. पुढे वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१चा कायदा झाला आणि १ मे १९६२पासून जिल्हा परिषद व पंचायत समित्या सुरू झाल्या. आज जिल्ह्यात १३ पंचायत समित्या आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्राचे प्रमाण पाहा: सपाट भागात ३० हजार, आदिवासी व डोंगराळ भागात २० हजार लोकसंख्येमागे एक. भेसळ तपासणारा अधिकारी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचा, वजने-मापे तपासणारा निरीक्षक वैध मापन खात्याचा. त्यांच्याकडे कितीतरी बाजार असतात. तेव्हा माणूस एक आणि वाटा अनेक, अशी ही गोष्ट आहे. अशा वेळी नियम ठरलेला नसला, तर ‘बळी तो कान पिळी’ हाच नियम होऊन बसतो. मोठ्या गावाचे काम होते आणि टोल्यावरची वस्ती वाट पाहत राहते.

समजा, एका गट ग्रामपंचायतीत तीन गावे आहेत. तिच्यापुढे चार तक्रारी आल्या: एका वस्तीच्या विहिरीला लागून उकिरडा आहे, मोकाट कुत्री चावतात, आठवडी बाजारात माप कमी भरते, आणि मुख्य रस्त्यावर दुकान पुढे सरकले आहे. क्रम कसा लावायचा? प्रत्येक तक्रारीला चार प्रश्न विचारा. अपाय किती गंभीर, जिवाचा की पैशाचा? तो किती जणांना पोचतो? ज्यांना पोचतो त्यांना दुसरा मार्ग आहे का? आणि थांबले तर नुकसान किती वेगाने वाढेल?

या कसोटीवर विहीर पहिली येते. एका विहिरीवर अख्खी वस्ती पाणी भरते, आणि पावसाळ्यात दूषित पाण्याची साथ दोन दिवसांत घरोघर जाते. पैसेवाला पाण्याचा कॅन विकत आणील. मजुराचे पोर तेच पाणी पिईल. शिवाय हे काम बरेचसे गावाच्याच हातात आहे. उकिरडा हलवायला कोणा साहेबाची वाट पाहावी लागत नाही. ताज्या ब्लीचिंग पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पोते उघडे किंवा ओलीत राहिले की तिचा जोर उतरतो. म्हणून पावडर टाकली एवढ्यावर समाधान मानू नये. अर्ध्या तासाने ओटी चाचणी करावी. पाणी पिवळे दिसले तर क्लोरीन शिल्लक आहे. लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक हवे. पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या ठिकाणांची पाहणी होऊन ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. लाल म्हणजे धोका मोठा. आपल्या पंचायतीचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे ग्रामसभेत अवश्य विचारा.

दुसरा क्रम कुत्र्यांचा. चावे थोडे असतील, पण रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस वाचणे जवळजवळ अशक्य. चावा घेतल्याबरोबर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी आणि ताबडतोब आरोग्य केंद्र गाठून लस घ्यावी. हळद-तिखट भरत बसू नये. मोकाट कुत्र्यांचे निर्बीजीकरण व लसीकरण २०२३च्या नियमांप्रमाणे स्थानिक संस्थेने करायचे असते. पण कुत्र्याला शीव कळत नाही. एका गावाने केले आणि शेजारच्याने सोडले, तर खर्च वाया जातो. इथे चार ग्रामपंचायतींनी पंचायत समितीमार्फत एकत्र येणेच शहाणपणाचे.

मापाची तक्रार पैशाची आहे. पण दर आठवड्याला गरिबाच्याच पिशवीतून ती वसूल होते. बाजाराचा वार आणि तक्रारीचा तपशील लिहून निरीक्षकाला कळवावे, म्हणजे त्याची फेरी नेमक्या दिवशी होईल. दुकानाचे अतिक्रमण शेवटी. मात्र त्या रस्त्याने रुग्णवाहिका किंवा अग्निशमनाचा बंब जात नसेल, तर तीच तक्रार वर चढते. क्रम तक्रारीच्या नावावरून लागत नाही, अपायावरून लागतो.

आता अवघड भाग. उकिरडा सरपंचांच्या भावकीचा निघाला तर? क्रमाची खरी परीक्षा तिथेच होते. आधी समजावणे, मग मुदत घालून लेखी नोटीस, मग दंड. या पायऱ्या सर्वांना सारख्याच हव्यात. एकाला समज आणि दुसऱ्याला दंड झाला, की कायद्यावरचा विश्वास उडतो आणि पुढचा उकिरडा कोणी हलवीत नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, इथे तुमची मदत मोठी आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासणीचे शिक्षण देण्याची योजना झाली. तुमच्या गावातल्या अशा भगिनींना शाळेत बोलवा, मुलांसमोर चाचणी करवा आणि निकाल फळ्यावर तारखेसह लिहा. मूल घरी जाऊन सांगते, तेव्हा आई ऐकते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा व्हायलाच हवी. येत्या सभेत आपल्या तक्रारींची यादी करा, चार प्रश्न विचारा, आणि ठरलेला क्रम कारणांसह ठरावात लिहून घ्या. कारण लिहिलेले असले म्हणजे ज्याचे काम मागे पडले त्यालाही ते का पडले हे कळते, आणि पुढच्या सभेत त्याला जाब विचारता येतो.