मांसभक्षक दगडाची दंतकथा

दगडी शवपेटीला ‘सार्कोफॅगस’ म्हणतात. पिरॅमिडांवरच्या माहितीपटांत हा शब्द हमखास कानावर पडतो, पण तो इजिप्तचा नव्हे, ग्रीकांचा. ‘सार्क्स’ म्हणजे मांस आणि ‘फागेइन’ म्हणजे खाणे. थोडक्यात, मांसभक्षक! देह टिकवण्यासाठी जिवाचा आटापिटा करणारे इजिप्शियन आपल्या शवपेटीला ‘नेब अंख’, म्हणजे जीवनाचा स्वामी म्हणत. तिला ‘मांसभक्षक’ हे नाव त्यांनी कधीच दिले नसते.

नाव पडले ते आजच्या तुर्कस्तानातल्या अ‍ॅसॉस या गावच्या दगडावरून. इथल्या दगडात ठेवलेले प्रेत दात वगळता ४० दिवसांत नाहीसे होते, असे रोमन लेखक प्लिनीने इसवी सनाच्या पहिल्या शतकात नोंदवले. याच दगडाच्या कोरलेल्या भांड्यात संधिवाताचे रुग्ण पाय बुडवून बसत, हेही तो सांगतो.

यात खरे किती? अ‍ॅसॉसची टेकडी ज्वालामुखीची. तिथला दगड अँडेसाइट. कठीण आणि टिकाऊ. गावच्या पश्चिम वेशीबाहेर त्याच्या शवपेट्या आजही पडलेल्या दिसतात. अथीनाचे मंदिरही त्याच दगडाचे. तो मांस खात असता, तर तो घडवणाऱ्या पाथरवटांचे हात शाबूत राहिले नसते.

मग प्रेत नाहीसे होते कसे? मृत्यूनंतर पेशींतली विकरे पेशींनाच पचवू लागतात. मागोमाग आतड्यातले जिवाणू मोकाट सुटतात. हवा उबदार असेल आणि माश्यांना वाट मिळाली, तर मऊ भाग काही आठवड्यांत संपतो. यासाठी विशेष दगड लागत नाही. हाडे मात्र इतक्यात जात नाहीत. आम्लधर्मी मातीतही ती विरघळायला वर्षे लागतात. म्हणजे ४० दिवसांत फक्त दात उरतात, ही अतिशयोक्तीच. मात्र दात सर्वांत चिवट, हे निरीक्षण अचूक आहे. त्यांच्यावरच्या एनॅमलचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो, शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ तोच. म्हणूनच ओळख पटवताना न्यायवैद्यक तज्ज्ञ दातांकडे वळतात.

तेव्हा अ‍ॅसॉसचा दगड निर्दोष आहे. मांस फस्त करतात ते जिवाणू, आणि त्यांतले बरेचसे आपण जन्मभर पोटात पोसलेले असतात.